नगरपरिषद निवडणुकीसाठी घेतलेली ‘संपूर्ण प्रचारसेवा’ : एका अपक्ष उमेदवाराचा अभिप्राय

डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या नगरपरिषद निवडणुकीत मी आमच्या क वर्ग (म्हणजे लोकसंख्येनुसार सर्वांत लहान गटातल्या) नगरपरिषदेच्या एका प्रभागातून अपक्ष म्हणून उभा होतो आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी संस्थेकडून ‘संपूर्ण प्रचारसेवा’ या नावाने विकले जाणारे पॅकेज विकत घेतले होते. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी सेवा विकणाऱ्या अनेक संस्था आता निघाल्या आहेत, त्यांची माहितीपत्रके एकमेकांवरून उतरवून घेतल्यासारखी असतात, आणि पुढच्या उमेदवाराला नावापेक्षा कोणत्या कामासाठी पैसे द्यावेत व कोणत्या कामासाठी देऊ नयेत हे कळणे जास्त उपयोगाचे आहे. निकाल आधीच सांगून टाकतो : मी तिसऱ्या क्रमांकावर राहिलो. त्याचे खापर या सेवेवर फोडण्याचा माझा विचार नाही. निवडून आलो असतो तरी खाली लिहिलेल्यातले एकही वाक्य बदलले नसते.

पॅकेजमध्ये सहा गोष्टी कबूल केल्या होत्या : प्रभागाची मतदार यादी मोबाईल ॲपमध्ये भरून देणे, त्या ॲपवरून मतदार चिठ्ठ्या छापण्यासाठी दोन छोटे ब्लूटूथ प्रिंटर, पत्रके व डमी (मतदाराला समजावण्यासाठीच्या नमुना) मतपत्रिकांची छपाई, मतदारांना ध्वनिमुद्रित फोन, ‘मतदारांचा कल’ दाखवणारा अहवाल आणि निवडणूक खर्चाचा दैनंदिन हिशेब. किंमत ४५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ५३,१०० रुपये. क वर्ग नगरपरिषदेच्या सदस्यपदासाठी राज्य निवडणूक आयोगाने या वेळी अडीच लाख रुपयांची खर्चमर्यादा ठेवली होती, म्हणजे मर्यादेचा पाचव्याहून अधिक हिस्सा या एकाच पावतीत जाणार होता. पक्षाच्या उमेदवाराला यातली निम्मी कामे पक्षाकडून होऊन मिळतात, त्यामुळे त्याने घासाघीस करावी. अपक्षाकडे मात्र घरची माणसे आणि दोनचार मित्र एवढेच मनुष्यबळ असते, आणि म्हणून मी फारसा विचार न करता आगाऊ रक्कम देऊन मोकळा झालो.

ही सेवा घेण्यामागे एक खरे कारण होते. आमच्याकडे यापूर्वीचे मतदान २०१६ साली झाले होते. त्यानंतर मुदत संपली, प्रशासक आले, आरक्षणाचा वाद न्यायालयात रेंगाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यावर कुठे चाके फिरू लागली. मधल्या काळात प्रभागांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. जुन्या नगरसेवकांच्या कपाटात गल्लीनिहाय लिहिलेल्या ज्या वह्या असतात, ज्यांच्या जोरावर लहान गावातले राजकारण पिढ्यान्‌पिढ्या चालते, त्या या नव्या हद्दींमुळे एका रात्रीत अर्ध्या निरुपयोगी झाल्या. नवख्या उमेदवाराला अशी बरोबरीची सुरुवात क्वचितच मिळते, आणि ज्याची यादी आधी तयार तो घरोघरी आधी पोहोचणार हे उघड होते.

यादीचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नगरपरिषदेसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही; विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांनुसार फोडली जाते, आणि या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली यादी धरली होती. त्यामुळे प्रत्येक मतदाराला दोन ओळखी असतात : एक विधानसभेच्या यादीतला भाग व अनुक्रमांक आणि दुसरा प्रभागाच्या यादीतला अनुक्रमांक. मतदान केंद्रावरचा अधिकारी नाव शोधतो ते प्रभागाच्या यादीत. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळी गंमत तिथेच झाली.

ॲपचा चांगला भाग आधी. सुमारे दोन हजार आठशे नावांची यादी त्यांनी तीन दिवसांत भरून दिली, आणि ती आडनावाने, घर क्रमांकाने, वयाने किंवा मतदान केंद्राने शोधता येत होती. कागदी यादीत एकाच घरातली पाच माणसे चार पानांवर विखुरलेली असतात. ॲपमध्ये ती एका कुटुंबात जोडता येत होती आणि एकदा जोडली की माझ्या, पत्नीच्या व दोघा मित्रांच्या मोबाईलवर एकदमच दिसत होती. घरभेटीला गेल्यावर दारातच ‘तुमच्या घरात चार मते आहेत, पण धाकट्या सूनबाईंचे नाव शेजारच्या प्रभागात गेले आहे’ असे सांगता येणे ही लहान गावात मोठी गोष्ट आहे, कारण आपल्याला आपल्या घराची माहिती असलेला उमेदवार लोकांना मनापासून आवडतो. इंटरनेट नसतानाही ॲप चालत होते. एवढ्याच कामाचे वेगळे पैसे लावले असते तर मी ते आनंदाने दिले असते.

परंतु यादी भरताना त्यांनी मूळ पीडीएफ यंत्राकडून वाचून घेतली होती आणि माणसाच्या नजरेखालून घातली नव्हती, हे दुसऱ्याच दिवशी लक्षात आले. जोडाक्षरे तुटली होती, ‘क्षीरसागर’ शोधले तर सापडत नव्हते आणि ‘द्वारका’ नावाच्या सर्व स्त्रिया ‘व्दारका’ झाल्या होत्या. हे सुधारता येण्यासारखे होते. न सुधारता येण्यासारखे होते ते ताऱ्यांचे. संभाव्य दुबार मतदारांच्या, म्हणजे ज्यांचे नाव एकाहून अधिक ठिकाणी असण्याची शक्यता होती त्यांच्या, नावापुढे आयोगाने या वेळी दोन तारांकने दिली होती. अशा मतदाराने आपण कोणत्या केंद्रावर मतदान करणार हे सांगायचे होते आणि आधी सांगितले नसल्यास केंद्रावर हमीपत्र लिहून द्यायचे होते. हे तारे यंत्राने कचरा समजून गाळून टाकले. परिणामी ज्या मतदारांना आधी भेटून नीट समजावून सांगायला हवे होते नेमके तेच ॲपमध्ये इतरांसारखे दिसत होते, आणि मला शेवटी कागदी यादी घेऊन रात्रभर लाल पेनने ते शोधावे लागले. संस्थेच्या प्रतिनिधीला फोन केला तेव्हा त्याने मोठ्या निरागसपणे ‘साहेब, तारे म्हणजे नक्की काय?’ असे विचारले. निवडणुकीची सेवा विकणाऱ्या माणसाला त्या निवडणुकीतली सर्वाधिक चर्चेची गोष्ट ठाऊक नसावी, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आता त्या ‘कल’ अहवालाविषयी. माझ्या मते या पॅकेजमधला सर्वांत निरुपयोगी आणि सर्वांत अपायकारक भाग हाच आहे. माहितीपत्रकात त्याला सर्वेक्षण म्हटले होते, पण प्रत्यक्षात आडनावांवरून मतदारांची जात ठरवून केलेली वर्गवारी आणि तिच्यावर चढवलेले हिरवे, पिवळे, लाल रंग यापलीकडे त्यात काही नव्हते. ज्याने महाराष्ट्रातल्या एखाद्या लहान गावात दोन वर्षे काढली आहेत त्याला सांगावे लागत नाही की पवार, जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावे एकाच जातीची मक्तेदारी नाहीत. अहवालात माझ्या स्वतःच्या चुलत्यांचे घर लाल रंगात आणि माझ्या विरोधात उभ्या असलेल्या उमेदवाराच्या सासुरवाडीचे घर हिरव्या रंगात दाखवले होते. हसून सोडून दिले असते; पण माझ्या एका मित्राने तो अहवाल खरा मानून ‘लाल’ गल्लीत जाणे दोन दिवस टाळले, आणि तिसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजारात थांबवून सांगितले, ‘आमच्याकडे सगळे येऊन गेले, तूच काय तो आला नाहीस.’ लहान गावात माणूस मत देईल न देईल, पण दारात न आलेला उमेदवार त्याच्या लक्षात राहतो. शिवाय शेजाऱ्यापाजाऱ्यांची अशी जातवार यादी आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये घेऊन त्यांच्याच ओट्यावर बसायचे, याची मला लाज वाटली आणि मी तो विभाग काढून टाकायला सांगितला. तो काढता येत नाही, असे उत्तर मिळाले.

छपाईची कथा वेळापत्रकाशी जोडलेली आहे. कार्यक्रम ४ नोव्हेंबरला जाहीर झाला, अर्ज १० ते १७ नोव्हेंबर या काळात भरायचे होते आणि चिन्हवाटप होते २६ नोव्हेंबरला. मतदान २ डिसेंबरला आणि प्रचाराची सांगता १ डिसेंबरच्या रात्री. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. अपक्षाला मात्र आपले चिन्ह कळल्यापासून ते लोकांच्या मनावर ठसवायला जेमतेम सहा दिवस मिळतात. या सहा दिवसांतला प्रत्येक तास मोलाचा असतो, हे संस्थेच्या विक्रेत्याने मला पॅकेज विकताना फार रंगवून सांगितले होते. मला कपबशी मिळाली. पत्रके आली ती २८ तारखेच्या संध्याकाळी, आणि त्यांवरची कपबशी होती एखाद्या हॉटेलच्या जाहिरातीतली, वाफा निघणारी, रंगीत व सुंदर. मतदान यंत्रावर दिसणार होते ते आयोगाने ठरवलेले साधे काळे रेखाचित्र. वाचता न येणारा मतदार चित्राशी चित्र जुळवून बटण दाबतो, त्याला यंत्रावर दिसणारे चित्रच पत्रकावर दिसले पाहिजे, ही यातली पहिली इयत्ता आहे. संस्थेने चूक मान्य केली आणि दुसऱ्या छपाईसाठी दोन दिवस मागितले. मी गावातल्याच छापखान्यात गेलो. त्या छापखान्याच्या मालकांनी आयोगाचे चित्र मागून घेतले, मुद्रक व प्रकाशकाचे नाव आणि प्रतींची संख्या पत्रकाच्या तळाशी आहे ना याची स्वतः खात्री केली आणि रात्री अकराला गठ्ठे हातात दिले. त्यांनी यापूर्वी कितीतरी निवडणुका छापल्या होत्या. संस्थेच्या चित्रकाराने बहुधा लग्नपत्रिकाच केल्या असाव्यात.

डमी मतपत्रिका तर थेट चुकीची होती. आमच्या प्रभागातून दोन सदस्य निवडायचे होते, अ आणि ब अशा दोन जागांसाठी, आणि नगराध्यक्षांची निवड थेट जनतेतून. म्हणजे प्रत्येक मतदाराने तीन वेळा बटण दाबायचे होते, मग त्यातले एखादे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ याचे असले तरी चालेल. संस्थेच्या नमुन्यात एकच मत दाखवले होते, कारण तो नगरपंचायतीसाठी केलेला नमुना अर्धवट बदललेला होता. नगरपंचायतीतसुद्धा मतदार सदस्याचे एक आणि नगराध्यक्षाचे एक अशी दोन मते देतो, तेव्हा तो नमुना तिथेही पुरा नव्हता. मी जर ‘ब’ जागेसाठी उभा असेन तर मतदाराला ‘पहिले बटण तुमच्या आवडीने दाबा, दुसऱ्या वेळी माझे चिन्ह शोधा’ असे समजावणे हाच प्रचाराचा गाभा असतो, आणि तोच गाभा या नमुन्यातून गळाला होता.

ध्वनिमुद्रित फोनबद्दल थोडक्यात. मतदार यादीत मोबाईल क्रमांक नसतात. मग दोन हजार आठशे मतदारांपैकी सतराशेंचे क्रमांक संस्थेकडे कुठून आले, हे मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा ‘आमचा स्वतःचा डेटा आहे’ एवढेच उत्तर आले. निवडणूक कार्यालयात चौकशी केल्यावर अशा संदेशाचेही जाहिरातीसारखे पूर्वप्रमाणन, म्हणजे आधी मंजुरी, करून घ्या, असा सल्ला मिळाला; संस्थेने त्यासाठी कोणतीही कागदपत्रे तयार ठेवली नव्हती. मी फोन रद्द करायला सांगितले. पैसे परत मिळाले नाहीत.

खर्चाचा हिशेब हा भाग ऐकायला कंटाळवाणा आहे, पण नवख्या उमेदवाराला सर्वांत महाग पडू शकतो तो हाच. वेगळे बँक खाते उघडायचे, रोजचा खर्च रोज दाखवायचा, प्रशासनाने ठरवलेल्या दरपत्रकाप्रमाणे खुर्च्या, ध्वनिक्षेपक, रिक्षा यांचे दर लावायचे आणि निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब सादर करायचा, अशी ही शिस्त आहे, आणि तो सादर न केल्यास अपात्रतेची टांगती तलवार पडलेल्या उमेदवाराच्याही डोक्यावर असते. संस्थेचा हिशेबनीस नेमस्त व कामसू होता, नमुने त्याला ठाऊक होते आणि तो रोज रात्री नऊला न चुकता फोन करून पावत्या मागत असे. या एका माणसासाठी मी संस्थेला मनापासून गुण देतो. अडचण झाली ती संस्थेच्या स्वतःच्या बिलाची. त्यांनी सगळ्या सेवांचे मिळून एकच बिल दिले आणि खर्चाच्या तक्त्यात तर छपाई, साहित्य, भाडे असे वेगळे रकाने. विभागणी करून द्या म्हटल्यावर त्यांच्या कार्यालयातून मला ‘दाखवायला’ वीस हजारांचे दुसरे बिल देऊ का, अशी विचारणा झाली. म्हणजे हिशेब सांभाळण्यासाठी ज्यांना पैसे दिले तेच हिशेब बिघडवायला तयार! मी नकार दिला आणि त्यांच्या हिशेबनिसानेच, बिचाऱ्याने, तीन दिवस पाठपुरावा करून खरी विभागणी मिळवून दिली.

मतदानाच्या दिवशी प्रिंटरने मात्र सगळ्यांना थक्क केले. तळहाताएवढे ते यंत्र नाव टाकले की दोन सेकंदांत चिठ्ठी काढत होते आणि आमच्या टेबलापाशी इतर उमेदवारांचे कार्यकर्तेही कुतूहलाने उभे राहत होते. पण त्या चिठ्ठीवर माझे छायाचित्र आणि चिन्ह छापले जात होते, आणि अशी चिठ्ठी घेऊन मतदाराला केंद्रात पाठवू नका, असे उमेदवारांच्या बैठकीत स्पष्ट सांगितलेले होते. सुदैवाने ती मांडणी आदल्या रात्री बदलता आली. बदलता आला नाही तो अनुक्रमांक. सकाळी पहिल्या तासाभरात पाचसहा मतदार आमची चिठ्ठी घेऊन परत आले, कारण तिच्यावर विधानसभेच्या यादीतला अनुक्रमांक होता आणि आतल्या अधिकाऱ्याच्या हातात होती प्रभागाची यादी. शेजारच्या आजी तर वैतागून म्हणाल्या, ‘अरे, तुझ्या मशीनपेक्षा तुझ्या बापाचं हस्ताक्षर बरं होतं.’ माझ्या वडिलांनी दोन निवडणुकांत दुसऱ्यांसाठी हाताने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. त्यानंतर प्रिंटर बाजूला ठेवून आम्ही पत्नीच्या शाळेतल्या दोन सहकाऱ्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींना कागदी याद्या देऊन बसवले, आणि रांग पुन्हा सरळ झाली.

शेवटचा धक्का मतमोजणीचा होता, आणि त्यात संस्थेचा दोष अर्धाच म्हणावा लागेल. मतमोजणी ३ डिसेंबरला ठरलेली होती. काही नगरपरिषदांचे मतदान न्यायालयीन अपिलांमुळे २० डिसेंबरला ढकलले गेले आणि सर्वत्र एकाच वेळी मोजणी व्हावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २१ डिसेंबरवर नेली. ॲपची मुदत ५ डिसेंबरला संपत होती. ६ तारखेला सकाळी आमच्या चारही मोबाईलवर ‘सदस्यत्व समाप्त’ अशी पाटी आली आणि मतदानाच्या दिवशी कोण येऊन गेले याच्या आम्ही केलेल्या नोंदी, घरभेटीतल्या टिपा, गटार, पाणी, रस्त्यावरचा दिवा अशा गल्लीगल्लीतल्या तक्रारी, सगळे आत अडकले. मुदतवाढीसाठी संस्थेने ४,००० रुपये मागितले. न्यायालयाच्या आदेशाने तारीख बदलेल हे कोणालाच आधी कळणे शक्य नव्हते, हे मला मान्य आहे; पण ज्या नोंदी मी आणि माझ्या माणसांनी उन्हातान्हात फिरून केल्या त्या मलाच परत विकायला काढणे, हे मला मान्य नाही. मी पैसे दिले नाहीत. मोजणीच्या दिवशी माझ्या प्रतिनिधीने वहीत आकडे उतरवले आणि त्या वहीतूनच मला माझी मते कळली.

पुढच्या वेळी उभे राहणाऱ्यांना माझा व्यावहारिक सल्ला असा. यादीचे ॲप जरूर घ्या, पण ते एकटेच, आणि करारात दोन गोष्टी लिहून घ्या : प्रभागाच्या यादीतला अनुक्रमांक व आयोगाच्या खुणा जशाच्या तशा दिसतील, आणि तुम्ही भरलेल्या नोंदी मतमोजणीनंतर महिनाभर तुम्हाला मोफत उतरवून घेता येतील. यादी हातात आल्यावर कोणत्याही पन्नास नावांची कागदाशी ताडणी करा. तासाभराचे काम आहे आणि मी ते केले नाही. हिशेबासाठी गावातलाच एखादा करसल्लागार पाहा. छपाई गावातच करा. कल, सर्वेक्षण, फोन या नावांखाली कोणी काही विकू लागल्यास नम्रपणे नको म्हणा. गुण द्यायचे झाले तर यादी आणि प्रिंटरला पाचपैकी तीन, हिशेबनिसाला पाचपैकी साडेचार, छपाईला एक, आणि कल अहवालाला शून्य.

माझ्या प्रभागातल्या मतदारांची आम्ही जोडलेली कुटुंबे, क्रमांक आणि टिपा तुमच्या संगणकावरून काढून टाका आणि काढल्याचे लेखी कळवा, असे पत्र मी निकालानंतर संस्थेला पाठवले. त्याला अद्याप उत्तर आलेले नाही. जिल्हा परिषद निवडणुकीसाठी ‘जुन्या ग्राहकांना २० टक्के सवलत’ असल्याचा संदेश मात्र त्याच आठवड्यात आला.